दहा रुपयांचा घोडा

आमच्या नेरुळात घर विकायला काढलं की भाव कुणी सांगत नाही. विसार घेतला की सगळे सांगतात. आदल्या दिवसापर्यंत "मार्केट जरा थंडच आहे हो" म्हणत जिना चढणारी माणसं विसाराचा चेक वटल्याचं कळताच कठड्याला टेकून हळहळायला लागतात. माझ्या आईने तिचं घर ६८ लाखांना कबूल केलं, १ लाखाची विसार पावती लिहून दिली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्याने पिशवी दारात ठेवता ठेवता सांगितलं, "आजी, ऐंशीला गेलं असतं." दूधवाला स्वतः तुर्भ्याला भाड्याच्या खोलीत राहतो, पण पाम बीच रोडच्या दोन्ही बाजूंच्या चौरस फुटाचा भाव त्याला तोंडपाठ असतो. नवी मुंबईत हे ज्ञान पाण्यातून मिळत असावं.

घराबद्दल थोडं सांगायला हवं. सिडकोने बांधलेली चार मजली इमारत, आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. हॉल, बेडरूम, स्वयंपाकघर, आणि बाबांनी ग्रिल पुढे काढून वाढवलेली एक बाल्कनी, जिचा उल्लेख कुठल्याही नकाशात सापडणार नाही. बेडरूमच्या कोपऱ्यात ओल आहे. दर मे महिन्यात आम्ही ती रंगाखाली झाकतो आणि दर जुलैत ती महाराष्ट्राच्या नकाशासारखी पुन्हा उमटते. विदर्भ तेवढा प्रत्येक वर्षी थोडा जास्त पसरतो.

आई निवृत्त शिक्षिका, विषय गणित. गुडघ्यांनी तीन मजल्यांशी असहकार पुकारल्यावर तिने घर सोडायचं ठरवलं. आमच्या पनवेलच्या इमारतीत, आमच्याच मजल्यावर, एक छोटं घर विकाऊ निघालं होतं. "तू आमच्याकडेच ये ना," असं मी म्हणालो, तर ती म्हणाली, "तुझ्याकडे नाही, तुझ्या शेजारी. मी तुझ्याकडे बेल वाजवून येणार, तूही बेल वाजवून यायचंस."

आणि भाव? तो तिने असा काढला. वहीचं शेवटचं पान उघडलं. पनवेलचं घर ४८. मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकील, टेम्पो मिळून ४. दोन गुडघे ६. बँकेत ठेवायला १०. बेरीज ६८. खाली दोन रेघा. उत्तर आलं की दोन रेघा मारायच्या, ही तिची चाळीस वर्षांची सवय.

"अगं, पण बाजारभाव?" मी विचारलं.

"मला लागतात तेवढे मागितले. बाजाराचा काय संबंध? बाजाराचे गुडघे दुखतात का?"

ह्याला काय उत्तर देणार? जगभरचे अर्थशास्त्रज्ञ मागणी आणि पुरवठ्याच्या आलेखांवर पोट भरतात. आईने दोन्ही रेषा पुसून तिथे आपले गुडघे ठेवले होते. वाशीच्या बाजारात कापडाखाली बोटं दाबून भाव ठरवायची जुनी पद्धत होती. शेजारच्याला आकडा कळू नये एवढाच त्यामागे हेतू. आईने तिचा आकडा जिन्यात, पहिल्या मजल्याच्या वळणावर, भाजीची पिशवी हातात धरून मोठ्याने सांगितला. घर बघायला आलेल्या जोडप्याने एकमेकांकडे पाहिलं आणि घासाघीस न करता "हो" म्हटलं. घासाघीस न करता "हो" येणं हे अशुभ लक्षण असतं, हे मला माहीत होतं. आईला ते सौजन्य वाटलं.

मुलगा रबाळ्याच्या एमआयडीसीत नोकरीला, मुलगी नर्स. कोपरखैरण्यात भाड्याने राहत होते, दर अकरा महिन्यांनी घरमालक बदलून. कर्ज मंजूर, म्हणजे सगळी रक्कम चेकने. त्यांनी पेढे आणले, आईच्या पाया पडले आणि मोजपट्टी काढून स्वयंपाकघराचा ओटा मोजू लागले. पेढा खाऊन होईपर्यंत बातमी बिल्डिंगभर झाली होती.

पहिला फोन मामाचा. मामा लालबागचा. १९८६ साली आई-बाबांनी चाळीतली खोली सोडून नेरुळचं घर घेतलं, तेव्हा वाशीचा खाडीपूल होऊन तेरा वर्षं झाली होती, पण मामाच्या लेखी मुंबई मानखुर्दला संपत होती. वाशीला रेल्वे आली १९९२ साली, त्यानंतर वर्षभराने ती नेरुळ ओलांडून बेलापूरला पोचली. तोपर्यंत आमच्याकडे जेवायला यायचं म्हणजे पाहुण्यांना प्रवासभत्ताच द्यावा लागला असता. मामा तेव्हा म्हणाला होता, "एवढे पैसे त्या चिखलात घालतेस?" आता त्याने विचारलं, "एवढ्या स्वस्तात देतेस?" चाळीस वर्षांत मामाचं मत तेच राहिलं, की आईला व्यवहार कळत नाही. दोन्ही वेळा तिने त्याचं शांतपणे ऐकून घेतलं आणि दोन्ही वेळा चहाचं आधण चढवलं.

मामाला दोष देण्यात अर्थ नाही. हे शहरच मुळी कागदावर आधी आणि जमिनीवर नंतर आलं. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 'मार्ग' नियतकालिकात खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली. १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली. मुंबईची गर्दी इकडे यावी, साध्या माणसाला परवडेल असं घर मिळावं, असा तो विचार. गर्दी आली. येताना भाव सोबत घेऊन आली.

त्यात विमानतळ. पायाभरणी फेब्रुवारी २०१८ मध्ये झाली, ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन, २५ डिसेंबरला प्रवासी विमानं सुरू. पण आमच्याकडच्या एजंटांच्या तोंडून ते विमान त्याच्या कितीतरी आधीपासून उडतंय. "सर, एअरपोर्ट येतोय" हे वाक्य ऐकत एक अख्खी पिढी कर्ज फेडून मोकळी झाली. मधल्या काळात १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतूचंही उद्घाटन झालं आणि त्याचे जवळपास २२ किलोमीटर प्रत्येकाने आपापल्या चौरस फुटात मिळवून घेतले. आमच्या घरापासून शिवडीला जायचं कुणालाच काम नाही. पण भावाला कामाशी कर्तव्य नसतं.

मग भरली कौटुंबिक सभा. ताई डोंबिवलीहून प्रत्यक्ष, धाकटा भाऊ बंगळुरूहून व्हिडिओवर, ताईचा मुलगा लंडनहून व्हिडिओवर, आणि माझी बायको कॅल्क्युलेटर घेऊन. विषय एकच: सौदा मोडायचा की नाही. आई आत मेथी निवडत होती. तिला बोलवावं असं कुणालाच सुचलं नाही, आणि तिनेही तशी इच्छा दाखवली नाही.

बायकोने हिशेब मांडला. विकणाऱ्याने माघार घेतली तर विसार दुप्पट परत करायचा, हा इकडचा रिवाज. म्हणजे २ लाख द्यायचे, त्यातला एक त्यांचाच. खरा तोटा १ लाखाचा. घर ८० ला गेलं तर वरचे १२. बारातून एक गेला, उरले अकरा. हे ११ लाख कॅल्क्युलेटरच्या काचेवर उमटले आणि त्यानंतर आमच्या घरात जे झालं ते बघून वाईट वाटावं. ताईला गच्चीचं वॉटरप्रूफिंग आठवलं. धाकट्याला एकाएकी वाटू लागलं की आईला पनवेलात दोन बेडरूमचं घर असावं, म्हणजे तो आला की त्याला स्वतंत्र खोली. मी बोललो काही नाही, पण माझ्याही डोळ्यांसमोरून एक गाडी हळूच पार्किंगमध्ये शिरली. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, ही म्हण रचणाऱ्याने एखादं घर नक्की विकलं असणार.

भाचा म्हणाला, "आजीने टेन्शन घेऊ नये. इकडे हे नॉर्मल आहे." इंग्लंडात लेखी करारांची अदलाबदल होईपर्यंत "हो, देतो" या शब्दांना कायद्याने काही वजन नसतं, मधेच जास्त पैसेवाला आला तर विकणारा बिनदिक्कत तिकडे वळतो. गेल्या वर्षी याच भाच्याच्या हातातून असंच एक घर गेलं होतं, आणि तेव्हा त्याने इंग्रज माणसाच्या नीतिमत्तेचे फोनवर जे वाभाडे काढले होते ते टिळकांनंतर फारसं कुणी काढले नसतील. बाजू बदलली की नीतीचा पत्ता बदलतो. त्याला ही आठवण मी करून दिली, तर त्याचं नेटवर्क गेलं.

ताईच्या ओळखीच्या एक वकीलबाई होत्या. त्यांना विसार पावतीचा फोटो पाठवला. संध्याकाळी त्या स्वतःच आल्या. तरुण मुलगी, चष्मा, बोलणं तुटक. "सही तुमच्या आईंची आहे. किंमत लिहिली आहे. फ्लॅटचं वर्णन आहे, चेकचा नंबर आहे. अक्षर फारच सुंदर आहे. हे कोर्टात 'मला नीट कळलं नाही' म्हणायला अजिबात उपयोगाचं नाही." त्यांनी समजावलं की दुप्पट पैसे तोंडावर मारले की सुटलो, असं धरून चालता येत नाही. घेणारा म्हणू शकतो, पैसे नकोत, ठरलं तसं घरच द्या. असा हुकूम द्यायचा की नाही हे पूर्वी बरंचसं न्यायाधीशांच्या मर्जीवर असे; स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टमध्ये दुरुस्ती झाली आणि १ ऑक्टोबर २०१८ पासून ती मर्जी आखडली. दावा लावायला घेणाऱ्याला तीन वर्षं मिळतात. तीन वर्षं हा शब्द ऐकून आतून मेथीची काडी मोडल्याचा आवाज आला.

"पण किंमतच कमी आहे ना! बारा लाखांनी!" धाकटा स्क्रीनमधून ओरडला.

तेव्हा वकीलबाईंनी घोडा काढला.

१८७२ च्या करार कायद्यात, कलम २५ खाली, एक घोडा आहे. त्याची किंमत १,००० रुपये. 'अ' नावाचा इसम तो १० रुपयांना विकायला कबूल होतो. 'अ'ने आपल्या राजीखुशीने कबुली दिली आहे. कायदा म्हणतो, मोबदला अपुरा असला तरी करार तो करारच. संपलं.

दीडशेहून अधिक वर्षं हा घोडा भारतातल्या प्रत्येक लॉ कॉलेजातून दौडत चालला आहे. मला त्या रात्री झोप येईना, कारण तो 'अ' डोक्यातून जाईना. १,००० रुपये म्हणजे १८७२ सालात काय होते! तो जातिवंत अरबी असणार, एखाद्या संस्थानिकाच्या पागेतला. आणि याने १० रुपये घेतले. का? पैशांची एवढी निकड होती तर ९०० तरी मागायचे. घोडा लाथा मारत होता का? शेजारी रोज विचारत होते का, "अजून गेला नाही का हो तुमचा घोडा?" आणि विकल्यावर 'अ'च्या घरी कोण कोण जमलं असेल? 'अ'चा मामा आला असेल. 'अ'चा साडू म्हणाला असेल, "मला सांगायचं ना, मी पाचशे दिले असते." कायदा लिहिणाऱ्याने हे सगळं गाळलं. त्याला फक्त राजीखुशी हवी होती.

घोडा पुन्हा येतो, त्याच कलमाच्या पुढच्याच उदाहरणात. तोच घोडा, तेच १,०००, तेच १०. पण ह्या खेपेला 'अ' म्हणतो की माझी राजीखुशी नव्हतीच. मग कोर्टाने तो तुटपुंजा मोबदला लक्षात घ्यायचा आणि संमती खरंच मोकळी होती का ते तपासायचं. ही फट दिसताच आमच्या सभेत उजेड पडला. म्हणजे आईची संमती मोकळी नव्हती असं दाखवता आलं तर! वय ७६. गुडघेदुखीच्या गोळ्या. एकटी बाई. समोर दोघं, वर पेढे.

आई पदराला हात पुसत बाहेर आली. "म्हणजे कोर्टात तुम्ही काय सांगणार? की आमच्या आईला अडुसष्ट आणि ऐंशी यातला मोठा कुठला ते कळत नाही?"

कुणी बोलेना.

"उद्या माझी दहावीची मुलं पेपरात वाचतील. सगळ्या बॅचेस." मग वकीलबाईंकडे वळून म्हणाली, "तो घोडा म्हातारा असेल हो. तिसऱ्या मजल्यावर बांधलेला असेल. तुम्ही थालीपीठ खाणार ना?"

वकीलबाईंनी थालीपीठ खाल्लं, फी घेतली नाही आणि जाताना मला दारात म्हणाल्या, "तुमच्या क्लायंट फार चांगल्या आहेत. तुमची केस नाहीये."

सरकारचं मत काय, तेही बघितलं. रेडी रेकनर नावाचं एक सरकारी दरपत्रक असतं. त्याखाली किंमत दाखवलीत तरी मुद्रांक शुल्क त्या दरानेच भरावं लागतं, आणि फरक दहा टक्क्यांच्या वर गेला तर आयकरवालेही तोच आकडा धरून बसतात. मी मोठ्या आशेने तो काढला. आमच्या घराचा निघाला ६१ लाख. म्हणजे महाराष्ट्र शासनाच्या हिशेबाने आईने त्या गरीब जोडप्याला सात लाखांना लुबाडलं होतं. हे मी सभेत सांगितलं नाही.

नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर इंडेक्स टू शोधता येतो, म्हणजे कुणी काय भावाने विकलं ते बघता येतं. समोरच्या रांगेतलं एक घर ७५ ला गेलेलं सापडलं. दुसरा मजला, नवीन टाइल्स, ओल नाही, विदर्भ नाही. तेव्हा खरं सांगायचं तर घर स्वस्तात चाललं होतंच. १२ लाखांनी नव्हे, पण चार-पाच लाखांनी नक्की. चार-पाच लाख म्हणजे काही चिंचोके नव्हेत.

एजंट आईचाच विद्यार्थी. नेरुळ गावातला, स्टेशनजवळ त्याचा गाळा आहे. आईसमोर तो अजूनही खुर्चीच्या टोकावर बसतो. "बाई, मी दोन टक्के घेतो, तुमच्याकडून एकच घेईन," असं तो म्हणाला तेव्हा आईने चष्म्यावरून बघितलं होतं: "नववीत भागाकार येत नव्हता तुला. टक्केवारी बरी शिकलास." मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, सौदा मोडला तर काय होईल? मला वाटलं तो आनंदेल, दुसरं गिऱ्हाईक म्हणजे जास्त दलाली. तो जरा गप्प झाला. गाळ्यासमोरून स्कूटर, रिक्षा, शाळेची बस जात होती. तो त्यांच्याकडे बघत म्हणाला, "सर, ह्या रोडच्या खाली आमचं शेत होतं. आमच्या आज्याला कुणी विचारलंच नाय, मोडायचा का नाय ते."

पंचाण्णव गावांची जमीन या शहराखाली आहे. भाव कमी मिळाला म्हणून इथे जे पहिलं भांडण झालं ते जिन्यात झालं नाही. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या मागे शेतकरी रस्त्यावर उतरले, जासई आणि आसपासच्या गावांत १६ आणि १७ तारखेला गोळीबार झाला आणि पाच माणसं गेली. त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. एजंटचा गाळा अशाच भूखंडावरच्या इमारतीत आहे. तो मला म्हणाला, "बाई काय करायच्या त्या करूदे. पण ऐंशीवाला कोण आहे तो मलापण दाखवा. मी पण शोधतोय."

हा प्रश्न खरं तर पहिल्याच दिवशी पडायला हवा होता. ८० हा आकडा सगळ्यांकडे होता, ८० देणारा कुणाकडेच नव्हता. दूधवाल्याने पहिल्या मजल्यावरच्या काकांकडे बोट दाखवलं. काकांनी त्यांच्या साडूकडे. साडू कामोठ्याला, सेवानिवृत्त, मुलगा सीवूड्सला नोकरीला, त्यामुळे ते नेरुळात घर शोधत होते. काका म्हणाले, "साडू डोळे झाकून ऐंशी देईल." विसार घेण्याच्या आधी हे साडू कुठे होते, असं विचारल्यावर काका म्हणाले, "तेव्हा तुम्ही विकताय हे पक्कं कुठे होतं?" वरातीमागून आलेलं घोडं नेहमी असंच तालेवार असतं.

आईने शेवटी तोडगा काढला. "रविवारी पाच वाजता त्यांना घेऊन या. चेकबुक घेऊन. ऐंशीचा माणूस समोर बसला तर मी त्या मुलांशी बोलेन. नाही बसला तर पुन्हा हा विषय या घरात काढायचा नाही." मला वाटलं ती विरघळली. मी तसं म्हणताच ती म्हणाली, "शब्दाबिब्दाचं मी बोलतच नाही. तुमच्या डोक्यात सारखा हरिश्चंद्र येतोय, तो येऊ देऊ नका. मला आता घर दाखवायचं नाही, एवढंच आहे. महिनाभर लोक येतायत. एक बाई फ्रिज ओढून मागे बघत होती. एकाने भिंतीवर टिचक्या मारल्या. एकजण बाथरूममध्ये गेला, नळ सोडला, बंद केला, परत सोडला, आणि मला विचारतो, 'पाणी रोज येतं?' मोरबे धरण आपल्या महापालिकेचं स्वतःचं आहे, रोज नाही तर काय सठीसहामाशी येईल? बेडरूममध्ये तुझ्या बाबांचा फोटो आहे, त्याच्या मागे ओल आहे का म्हणून एकाने फोटो उचलून पाहिला. पुरे झालं."

मोठ्या रकमांची चर्चा चालू असताना असं काही कुणी बोललं की पुढचं बोलणं अवघड होतं. बायकोने कॅल्क्युलेटर बंद केला.

रविवारी पाचाला कांदेपोहे झाले. मुलगी दाखवायला जमावी तशी मंडळी जमली होती. ताई तर साडी नेसून आली. काका खाली फाटकात उभे. साडू आले पावणेसहाला. पहिल्या मजल्यावर त्यांचा आवाज ऐकू आला, दुसऱ्यावर फक्त श्वास. तिसऱ्यावर ते दारात दोन मिनिटं चौकट धरून उभे राहिले आणि त्यांचं पहिलं वाक्य होतं, "लिफ्ट नाही?"

"साडेतीनशे रुपयांची चप्पल घेताना घालून बघतो माणूस," आई माझ्या कानात म्हणाली.

त्यांनी पोहे खाल्ले, घर पाहिलं. बेडरूमच्या कोपऱ्यात जाऊन बराच वेळ उभे राहिले. मला वाटतं ते चंद्रपूरपर्यंत पोचले. बाल्कनीचे कागद मागितले. मग खुर्चीत टेकून त्यांनी चौकशा सुरू केल्या. रिडेव्हलपमेंटचा ठराव झालाय का? नाही, दोन सभा झाल्या, दोन्हींत पार्किंगवरून भांडणं झाली. जमीन आपली? नाही, सिडकोची, ६० वर्षांचा भाडेपट्टा. त्यातली किती गेली? चाळीस. हस्तांतरण शुल्क कोण भरणार? ह्यावर काका छताकडे बघू लागले. शेवटी साडू म्हणाले, "माझं कामोठ्याचं घर आधी विकलं जायला हवं. त्याला गिऱ्हाईक मिळालं की मग आपण बसू. आणि थोडं रोखीत करता आलं तर... साधारण पासष्ट."

"पासष्ट रोखीत?" धाकटा बंगळुरूहून म्हणाला.

"नाही, पासष्ट एकूण."

कुणी हसलं नाही, हे आमच्या घराण्याचं संस्कारी वळण. आईने त्यांना आणखी पोहे वाढले आणि विचारलं, "कामोठ्याचं घर केवढ्याला काढलंय?" साडूंनी आकडा सांगितला. आई कळवळून म्हणाली, "अहो, काय हे? फार स्वस्तात देताय तुम्ही!" मला वाटतं त्या माणसाला आजही झोप लागत नसेल.

साठेखताची नोंदणी पुढच्या आठवड्यात झाली. दुय्यम निबंधक कार्यालय म्हणजे एका खोलीत चाळीस घरं एकाच वेळी हात बदलत असतात. कुणी अंगठा टेकवतंय, कुणी कॅमेऱ्यात बघतंय, कुणी साक्षीदार शोधायला खाली चहाच्या टपरीवर गेलंय. मुलाने आईसाठी खुर्ची मिळवली. नर्स मुलीने तिच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि कुठल्या डॉक्टरकडे जाऊ नये ते सांगितलं. आमचा नंबर यायला वेळ होता. मुलाने जरा संकोचून विचारलं, "काकू, ते बेडरूममधलं लोखंडी कपाट... तुम्ही नेणार आहात का? नसेल नेणार तर आम्ही घेतलं असतं."

आईचा चेहरा बदलला. पाठ ताठ झाली.

"साडेआठ हजार."

"काकू, जुनं आहे ना. पाच?"

"जुनं आहे म्हणूनच. हल्ली असा पत्रा येतो का? ठोकून बघा. लॉकर आतून शाबूत आहे, दोन्ही किल्ल्या आहेत, आरशाला एक चरा नाही."

"आई," मी हळूच म्हणालो, "अगं, घरात आपण चार-पाच लाख..."

"घराचा हिशेब झालाय. कपाट त्यात धरलं नव्हतं."

पाचाचे साडेपाच झाले, साडेआठाचे आठ. मुलगी नवऱ्याच्या बाजूने उतरली. तिने कपाटाच्या खालच्या पायाला गंज असल्याचं नेमकं हेरलं होतं. आईने गंज मान्य केला आणि त्याचे दोनशे कमी केले. पलीकडच्या बाकावरचे दोन अनोळखी गृहस्थ आपापल्या खरेदीखतांवरून मान वर करून ऐकू लागले. त्यातला एकजण म्हणाला, "साडेसातच्या खाली सोडू नका, आजी." खिडकीतून आमचा नंबर पुकारला गेला तेव्हा ७,२०० वर मिटलं.

आई उठली नाही. तिने मुलाकडून पाचशेची नोट विसार म्हणून घेतली, पर्समध्ये ठेवली आणि पावती लिहायला वकिलाकडे कोरा कागद मागितला.